‘एकूण’ म्हणजे बेरीज?

प्राथमिक शाळेतील शाब्दिक उदाहरणे सोडविण्याची एक सोपी युक्ती पुष्कळ वर्गांतून शिकवली जाते. ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ दिसले की भागाकार. मग ‘दिलेले’, ‘विचारलेले’, ‘रीत’, ‘उत्तर’ असे चार कप्पे पाडले, की झाले पायरीपायरीचे गणित! आमचे म्हणणे असे की, हे गणित नव्हे, गणिताचा देखावा आहे. आणि त्याची किंमत शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील मुलांना सर्वांत जास्त मोजावी लागते.

ही युक्ती किती टिकते ते पाहा. मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष महिन्यात जत्रा भरते. तिथला गुरांचा बाजार प्रसिद्ध आहे. समजा, एका व्यापाऱ्याने तिथे ३ बैल विकले आणि दावणीला ८ उरले. तर येताना त्याच्याजवळ किती बैल होते? ‘उरले’ हा शब्द हेरून वजाबाकी करणारा ५ म्हणेल. गुरे राखणारे पोर शाळेचे तोंड न पाहताही ११ म्हणेल. तेव्हा ५ हे उत्तर अडाणीपणाचे नव्हे. ते शिकवणुकीचे फळ आहे.

हे दुखणे आपल्याच घरचे आहे असेही नाही. फ्रान्समध्ये ग्रनोबल येथे १९८० च्या सुमारास मुलांना विचारले गेले की, जहाजावर २६ मेंढ्या व १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय काय? ९७ पैकी ७६ मुलांनी त्या आकड्यांचीच काही खटपट करून बिचाऱ्या कप्तानाचे वय सांगून टाकले! शाळेने आकडे दिले म्हणजे ते वापरलेच पाहिजेत, एवढेच ती शिकली होती.

कोणी म्हणेल, एकाच गुरुजींपुढे दोन-तीन इयत्ता बसलेल्या, मुलांची घरची बोली ठाकरी नाहीतर कातकरी, आणि पुस्तकाची मराठी निराळी. निदान चार खुणांच्या आधाराने तरी मूल तरेल. अडचण खरी आहे. तोडगा मात्र खोटा. जिथे भाषा अडते तिथे भाषाच सोडवली पाहिजे. उदाहरणाची गोष्ट मुलाने आपल्या बोलीत सांगावी, ही पहिली पायरी. आकड्यांना हात त्यानंतर.

तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. मग हेच उदाहरण घ्या. १०,००० लिटरचा टँकर आला. घरे ४०. दर घराला १५ लिटरचे १२ हंडे दिले. टँकरमध्ये पाणी किती उरले? आधी एका घराचे पाहू : १२ गुणिले १५, म्हणजे १८० लिटर. मग साऱ्या पाड्याचे : १८० गुणिले ४०, म्हणजे ७,२०० लिटर. आता १०,००० मधून ते वजा केले, राहिले २,८००. नुसते ‘उरले’ पाहून १८० वजा करणाऱ्याचे उत्तर ९,८२० येते. पण जी मुलगी डोक्यावर हंडा वाहते, तिला विचारा : सारा पाडा पाणी भरून गेल्यावर टँकर इतका भरलेला राहील का? ती हसेल. ते हसणे हीच शेवटची पायरी, आणि तीच आपण पुसून टाकली आहे.

आकडा वस्तूला चिकटलेला असतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढून गेले की लेण्यात सुमारे २,००० वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा लेख आहे. त्यातले आकडे नुसते आकडे नाहीत. दान दिलेल्या गाईंचे, घोड्यांचे, नाण्यांचे आहेत. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’तही गणित गोष्टीतूनच विचारलेले आहे.

दिवाळी सरली की या भागातील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तिथला हिशेब हे खरे शाब्दिक उदाहरण. समजा, उचल घेतली २०,००० रुपयांची. खर्ची मिळाली आठवड्याला ५०० प्रमाणे २४ आठवडे. विटा पाडल्या ७०,०००, हजारी दर ६०० रुपये. मजुरी झाली ४२,०००. उचल आणि खर्ची मिळून ३२,०००. बाकी १०,०००. पण ही बाकी कोणाची कोणाकडे? ‘बाकी म्हणजे वजाबाकी’ एवढेच पाठ केलेल्याला हे सांगता येणार नाही. मुनीम म्हणेल, ‘तुझ्याकडे निघते’, आणि तो मुकाट्याने अंगठा उठवून पुढच्या सालाला बांधला जाईल. गोष्ट समजलेले दहा वर्षांचे पोर मात्र बापाच्या शेजारी उभे राहून म्हणेल, ‘शेठ, पैसे आमचे निघतात.’

शाळेने हे वाक्य शिकवायचे आहे. चार कप्पे कोणालाही पाडता येतात.