निसर्ग घेतो जुळवून... पण कोण घेतो?



२०२० च्या नोव्हेंबरात जुहूच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकत होत्या. भाच्याने फोनवर व्हिडिओ पाठवला, "मामा, बघा काय मस्त!" खोटं कशाला बोलू, मीही बराच वेळ बघत बसलो. मग त्याला कळवलं की हा उजेड नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाचा, आणि तो फार माजणं समुद्राला बरं नव्हे. त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर, "काळजी करू नका, निसर्ग घेतो जुळवून."

हे वाक्य हल्ली जिथे तिथे ऐकू येतं. नदीत काहीही सोडा, डोंगर पोखरा, निसर्ग घेतो जुळवून! आज या वाक्याशीच भांडायचं आहे.

आधी त्यातलं खरं कबूल करतो. नॉक्टिल्युका ज्या गटातला, ते डायनोफ्लॅजेलेट जुळवून घेण्यात पटाईत. आपल्या जनुकसंचात डीएनएची सुमारे ३ अब्ज अक्षरं, तर यांच्यातल्या काहींत २०० अब्जांच्या वर! प्रवाळांच्या शरीरात राहणाऱ्या एका जातीचा जनुकसंच त्या मानाने अगदी आटोपशीर. तो २०१३ साली ओकिनावाच्या शास्त्रज्ञांनी वाचला, तरी जनुकं निघाली सुमारे ४२ हजार. माणसाची वीस हजारांच्या आसपास. एकाच जनुकाच्या नकलांवर नकला साठवायच्या, दुसऱ्या जीवांची जनुकं उचलायची, डीएनए गुंडाळायला चक्क विषाणूकडून आलेलं प्रथिन वापरायचं, असा यांचा कोट्यवधी वर्षांचा संसार. आमच्या आळ्यात, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे. त्यामुळे कुणाला क्षुद्र म्हणायची आम्हाला सोयच नाही!

पण हे जुळवून घेतात म्हणून सगळेच घेतात असं नव्हे. उत्तर अरबी समुद्रात पूर्वी हिवाळ्यात डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पतींचं पीक यायचं. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे हिरवा नॉक्टिल्युका पसरला. हा पोटात जिवंत शैवाल बाळगतो. म्हणजे उन्हावर अन्न तयार होतं आणि वर शिकारही चालूच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून पुढे अमेरिकेत गेलेले हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी २०१४ मध्ये याचा संबंध पाण्यातल्या घटत्या ऑक्सिजनशी जोडला, आणि २०२० मध्ये हिमालयातल्या घटत्या बर्फाशी. बर्फ कमी म्हणून हिवाळी वारे ऊबदार, मग समुद्राचं घुसळणं मंद, आणि खालची पोषकद्रव्यं वर येत नाहीत, असं ते म्हणतात. ऑक्सिजनच्या मुद्द्यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण पाहुणा घरमालक होऊन बसला, हे दिसतंच आहे.

मासे या नॉक्टिल्युकाला फारसं तोंड लावत नाहीत. त्यावर पोसतात जेलीफिश आणि त्यांच्यासारखे जीव. उद्या जाळ्यात बांगड्याऐवजी जेलीफिशच आले, तर निसर्गाचं काहीही बिघडणार नाही. बिघडेल ते कोळ्याचं.

लांब कशाला जायचं? आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्याने उसात जुळवून घेतलंच की! उसातच पिल्लं होतात, वाढतात. पण अंधार पडल्यावर पोरांना अंगणात सोडायला आमचा जीव धजत नाही. ज्याला जुळवून घेता आलं त्याने घेतलं. किंमत मात्र शेतावरच्या वस्तीने मोजली.

दुसरी गोष्ट वेळेची. एकपेशीय जीवाच्या पिढ्या काही दिवसांत उलटतात. आपली एक पिढी म्हणजे वीस-पंचवीस वर्षं. समुद्र एका पिढीत बदलला तर या शर्यतीत जिंकणार कोण, हे गणित चौथीतला मुलगाही सोडवील.

तेव्हा भाचेबुवा, निसर्ग जुळवून घेईल हे मला मान्य. पण त्या जुळवलेल्या निसर्गात तुमच्या माझ्यासाठी जागा असेल, असं त्याने कुणालाही लिहून दिलेलं नाही. घाण आपण करायची आणि जुळवून घ्यायचं काम त्याच्यावर ढकलायचं, याला आमच्या वेळी आळस म्हणत.

असो. व्हिडिओ मात्र अजून जपून ठेवला आहे. सुंदर आहे म्हणूनच.