उत्तर रुग्णाकडून हवे

मानसिक आजारातून सावरण्याचे यश आपण गोळ्यांच्या आणि घरी सोडलेल्या रुग्णांच्या आकड्यांत मोजतो. निर्णयांत रुग्णाचा वाटा किती, हे मोजत नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धान्तावर आधारलेली 15 विधानांची एक प्रश्नावली नेमके हेच तपासते: पर्याय समजावले का, म्हणणे ऐकून घेतले का? गुण 1 ते 7, आणि ते देतो रुग्णच.

आपल्या 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिला. तो पाळला जातो का, हे रुग्णांनाच विचारा. निनावी आणि कर्मचाऱ्यांच्या गैरहजेरीत. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांनी सुरुवात करावी, ही या अंकाची मागणी आहे.

– संपादक