एका बाटलीची किंमत लाखात, तरी फ्रान्स सरकार द्राक्षबागा उपटायला पैसे का देतंय?

नोव्हेंबर 2019 मध्ये फ्रान्समधल्या रेड वाइनच्या 12 बाटल्या थेट आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पाठवण्यात आल्या. वाइनचं नाव पेट्रुस, साल 2000. तब्बल 14 महिने पृथ्वीभोवती घिरट्या घालून त्या जानेवारी 2021 मध्ये परत आल्या. त्यातली एक बाटली ख्रिस्तीज या लिलाव कंपनीने विक्रीला काढली, तेव्हा अंदाजे किंमत सांगितली होती 10 लाख डॉलर.

ही वाइन फ्रान्सच्या बोर्डो भागातली. आणि याच बोर्डोमध्ये 2023 मध्ये शेतकऱ्यांना द्राक्षबागा उपटून टाकण्यासाठी हेक्टरी 6,000 युरो, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण 6 लाख रुपये देण्याची योजना आली. एकाच जिल्ह्यात सोन्याच्या भावाने विकली जाणारी वाइनही आहे आणि मातीमोल झालेली वाइनही. हे झालं कसं?

बोर्डो म्हणजे नेमकं काय?

फ्रान्सच्या नैऋत्येला गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येतात आणि जिरोंद नावाच्या खाडीतून अटलांटिक महासागराला मिळतात. या पाण्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आहेत. डाव्या काठावर मेदोक भागात खडीची जमीन. तिच्यातून पाणी झटकन निचरतं, खडी दिवसभर तापते आणि रात्री वेलींना ऊब देते. तिथं काबर्ने सोव्हिन्यो हे उशिरा पिकणारं द्राक्ष चांगलं येतं. उजव्या काठावर सेंत-एमिलियों आणि पोमरोल भागात चिकणमाती आणि चुनखडी. तिथं मर्लो या द्राक्षाचं राज्य. पेट्रुसची बाग पोमरोलमध्येच आहे, अवघी 11 हेक्टरच्या आसपास.

1152 मध्ये या भागाची वारसदार एलिनॉर हिचं लग्न इंग्लंडचा पुढचा राजा हेन्री दुसरा याच्याशी झालं आणि बोर्डोची वाइन जहाजं भरभरून इंग्लंडला जाऊ लागली. म्हणजे निर्यातीवर जगायची सवय या गावाला जवळपास 900 वर्षांपासूनची.

ही वाइन बनते कशी?

साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. नावाजलेल्या बागांमध्ये घड हाताने तोडतात आणि कच्चे, सडके मणी टेबलावर निवडून बाजूला काढतात. मग देठ वेगळे करून द्राक्षं हलकी फोडतात आणि सालींसकट टाकीत टाकतात.

आता इथं खरी गंमत आहे. काळ्या द्राक्षाचा रस जवळपास रंगहीन असतो. वाइनचा लाल रंग आणि जिभेला जाणवणारा तुरटपणा येतो तो सालींमधून. यीस्ट द्राक्षातली साखर खाऊन तिचं अल्कोहोल करतं, कार्बन डायऑक्साइड वर येतो आणि साली तरंगून त्यांचा जाड थर बनतो. तो थर कोरडा पडू नये म्हणून खालचा रस पंपाने पुन्हा पुन्हा वर सोडतात. हे काम दोन-तीन आठवडे चालतं.

त्यानंतर रस काढून घेतात आणि उरलेल्या साली दाबतात. पुढचं काम बॅक्टेरियाचं. कच्च्या सफरचंदात असतं तसं झोंबणारं मॅलिक आम्ल ते दह्यात असतं त्या सौम्य लॅक्टिक आम्लात बदलतात. मग वाइन ओक लाकडाच्या 225 लिटरच्या पिंपात जाते. एका पिंपात बरोबर 300 बाटल्या. तिथं ती 12 ते 24 महिने मुरते. अधूनमधून ती या पिंपातून त्या पिंपात ओतून तळाचा गाळ मागे ठेवतात. जुन्या पद्धतीत गढूळपणा काढायला अंड्याचा पांढरा बलक वापरतात, एका पिंपाला पाच-सहा अंडी.

शेवटचा टप्पा मिश्रणाचा. वेगवेगळ्या तुकड्यांतली आणि जातींची वाइन वेगवेगळी बनवून ठेवलेली असते. चव घेऊन कशात काय किती घालायचं ते ठरतं. जी वाइन कमी पडते ती त्याच मालकाच्या स्वस्त लेबलखाली जाते.

मग भाव कोण ठरवतं?

1855 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी सम्राट नेपोलियन तिसरा याला बोर्डोच्या वाइनची क्रमवारी हवी होती. दलालांनी बाजारभाव बघून यादी केली. पहिल्या वर्गात फक्त चार नावं होती: लाफित, लातूर (आपलं नव्हे, फ्रान्सचं), मार्गो आणि ओ-ब्रियों. पहिल्या वर्गात भर पडली ती एकदाच, 1973 मध्ये, जेव्हा मूतों-रोथशिल्डला बढती मिळाली. पोमरोल त्या यादीत नव्हतंच, त्यामुळे पेट्रुसला आजही असा कुठला सरकारी दर्जा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे विक्रीची पद्धत. तोडणीनंतरच्या वसंतात, वाइन पिंपात असतानाच व्यापारी आणि समीक्षक चव घेतात आणि सौदे होतात. बाटली हातात पडते साधारण दोन वर्षांनी. मालकाला पैसे आधी मिळतात आणि ग्राहकाला पुढे भाव वाढेल ही आशा. पण भाव वाढले नाहीत, तर आगाऊ पैसे कोण अडकवणार? शातो लातूरने तर 2012 मध्येच या पद्धतीला रामराम ठोकला.

गाडं अडलं कुठं?

ही नावाजलेली घराणी बोर्डोचा छोटासा भाग आहेत. बाकी हजारो शेतकरी साधी रेड वाइन बनवतात आणि मार बसला तो यांना.

पहिलं कारण फ्रान्समध्येच आहे. 1960 च्या सुमारास तिथं माणशी वर्षाला 120 लिटरपेक्षा जास्त वाइन प्यायली जायची. आता हा आकडा 40 लिटरच्या आसपास आलाय. त्यातही तरुण मंडळी बिअर, रोझे किंवा हलकी पेयं घेतात. जेवणाबरोबर रोज रेड वाइन ही आजोबांची सवय झाली.

दुसरं कारण निर्यात. चीनच्या भरवशावर बोर्डोने मोठी स्वप्नं पाहिली होती, ती मागणी घसरली. अमेरिकेने 2019 मध्ये 25% आणि 2025 मध्ये युरोपच्या मालावर 15% शुल्क लावलं.

तिसरं कारण हवामान. मर्लो लवकर पिकतं आणि उष्णता वाढली की त्यात साखर वाढते, म्हणजे अल्कोहोलही वाढतं. म्हणून 2021 मध्ये पोर्तुगालच्या तोरिगा नासियोनालसह सहा नव्या जातींना परवानगी देण्यात आली, पण मिश्रणात जास्तीत जास्त 10%.

परिणाम असा की साधी वाइन लिटरमागे 1 युरोपेक्षाही कमी भावात विकायची वेळ आली. डिसेंबर 2022 मध्ये शेतकरी बोर्डोच्या रस्त्यावर उतरले. त्यानंतर सुमारे 9,500 हेक्टर बागा काढण्यासाठी 5.7 कोटी युरोंची योजना आली. अट अशी की त्या जमिनीवर झाडं वाढू द्यायची किंवा दुसरं पीक घ्यायचं. सोडून दिलेल्या बागांमधून रोग पसरतो, हेही एक कारण होतं. त्याच वर्षी देशभरातली शिल्लक वाइन गाळून तिचं औद्योगिक अल्कोहोल करण्यासाठी 20 कोटी युरो ठेवले गेले. 2024 मध्ये हेक्टरी 4,000 युरोंची देशव्यापी योजना आली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये आणखी 13 कोटी युरो जाहीर झाले.

मग पुढे काय?

एक वाट नव्या ग्राहकाची. बोर्डोवाले आता थंड करून पिता येईल अशी हलकी क्लॅरेट पुढे आणतायत. दुसरी वाट नव्या बाजारांची, आणि इथं भारताचा संबंध येतो. आपल्याकडे परदेशी वाइनवर 150% आयात शुल्क आहे. युरोपियन युनियनसोबतच्या व्यापार करारात ते टप्प्याटप्प्याने कमी करण्याची तरतूद आहे. म्हणजे बोर्डोच्या शिल्लक वाइनचा विषय उद्या नाशिकच्या वाइन उत्पादकांच्या दारातही येऊ शकतो.

पण सगळ्यात मोठा पेच वेळेचा आहे. नवीन वेल फळाला यायला तीन वर्षं लागतात आणि ती चाळीस-पन्नास वर्षं जगते. आज लावलेली बाग नातवंडांच्या काळातल्या ग्राहकासाठी असते. बोर्डोतल्या ज्या शेतकऱ्याने हेक्टरी 6,000 युरो घेऊन वेली उपटल्या, त्याने फक्त यंदाचा तोटा थांबवला नाही, तर पुढच्या पिढीचा धंदाही बंद केला. पेट्रुसची बाटली लाखालाच विकली जाईल. प्रश्न तिच्या शेजारच्या गावांचा आहे.