चढ मोटरीचा, उतार आपला

परवाच्या भिशीत मी सहज बोलून गेले, "अगं, जर्मनीला लेकीकडे गेले होते ना, तेव्हा मी सायकलवरून डोंगर चढले. बाराशे मीटर उंचीचा!" सगळ्यांच्या हातातले चहाचे कप हातातच राहिले. सत्तावन्न वर्षांची बाई, जिना चढताना कठड्याला धरणारी, पावसाळा आला की गुडघ्यांना तेल चोळत बसणारी... आणि म्हणे सायकलवरून डोंगर! दोघी-तिघींनी तर टाळ्याच वाजवल्या. मग मी खरं काय ते सांगितलं. सायकल विजेची होती, मोटर बसवलेली. लगेच चेहरे उतरले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हात्तिच्या! म्हणजे मोटरीनंच नेलं की तुला. त्यात तुझं काय?"

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पण 'त्यात तुझं काय' हे वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून आज मैत्रिणींनो, जरा सविस्तर सांगते. त्या सायकलचं कौतुकही सांगते आणि तिनं मला कसं पाडलं तेही.

माझं बालपण वाईत गेलं. सायकल मला येत होती, शाळेत सायकलवरच जायचे. पण वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट आहे ना, तो सायकलवर चढून जाणं ही मुलग्यांची मक्तेदारी. माझा भाऊ आणि त्याचे मित्र सुट्टीत जायचे, घामाघूम होऊन यायचे आणि आठ दिवस तेच सांगत बसायचे. मी एकदा विचारलं तर आई म्हणाली, "तुला झेपायचं नाही, आणि शोभायचंही नाही." पुढे लग्न झालं, सायकल माहेरीच राहिली, नंतर ती भंगारात गेली. घाट राहिला तो राहिलाच.

लेक फ्रायबुर्गला असते. जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी वसलेलं गाव. गावाच्या पाठीशीच शाउइन्सलांड नावाचा डोंगर आहे, उंची १२८४ मीटर. गाव स्वतः पावणेतीनशे मीटरवर, म्हणजे चढण हजार मीटरची. आपला पसरणीचा घाट एकावर एक असे पावणेदोन वेळा चढल्यासारखं! २०२४ च्या जूनमध्ये मी तिथं होते. लेकीकडे विजेवरची माउंटन बाइक आहे, कंपनीत पगारातून हप्ते कापून घेतलेली. तिनं माझ्यासाठी तशीच एक भाड्यानं आणली. दिवसाचं भाडं सत्तर युरो. मी म्हटलं, "एवढ्यात आपल्याकडे महिन्याचा किराणा येतो!" पण पैसे भरून झाले होते.

आता ही सायकल म्हणजे नक्की काय, ते सांगायला हवं. कारण मलाही वाटत होतं की बटण दाबलं की स्कूटीसारखी पळेल. तसं नसतं. तिला अ‍ॅक्सिलरेटरच नाही! आपण पायडल मारलं तरच मोटर चालते, पाय थांबले की मोटरही थांबते. पायडलवर आपण किती जोर देतो ते आतलं यंत्र सतत मोजत असतं आणि त्या प्रमाणात आपली भर घालतं. सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवली तर आपल्या जोराच्या जवळजवळ साडेतीनपट. मोटर असते पायडलच्या मधोमध, त्यामुळे तिचा जोर चेनमधून गिअरवर येतो आणि उभा चढही ती सहज काढते. वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर गेला की मोटर आपोआप मदत थांबवते. युरोपातला नियमच आहे तो. त्या मर्यादेत राहिली म्हणून तिला कायदा साधी सायकलच मानतो. लायसन्स नको, नंबर प्लेट नको. लोकांनी तर ती इतकी उचलून धरली आहे की २०२३ साली जर्मनीत खपलेल्या नव्या सायकलींपैकी निम्म्याहून जास्त विजेच्या होत्या.

मला सगळ्यात काय आवडलं सांगू? सीट! हँडलवर एक बटण असतं, ते दाबून सीटवर भार दिला की सीट खाली जाते, भार काढून पुन्हा दाबलं की वर येते. माझी उंची पाच फूट एक इंच. आयुष्यभर मी सायकलवरून उतरताना एका पायाच्या अंगठ्यावर तोल सावरत आले. इथे थांबायचं झालं की सीट खाली, दोन्ही पाय जमिनीवर. हे ज्यानं शोधून काढलं त्याला आपला दंडवत.

निघालो. पहिल्या चढालाच मी भीतीपोटी मोटर सगळ्यात वरच्या पायरीवर, 'टर्बो'वर टाकली. काय सांगू, पाठीला कुणीतरी हात लावून ढकलतंय असं वाटलं. लहानपणी बाबा सायकल शिकवताना मागून धरायचे ना, अगदी तस्सं. लेक मागून ओरडत होती, "आई, टर्बो काढ, बॅटरी संपेल!" स्क्रीनवर 'अजून इतके किलोमीटर जाल' असा आकडा दिसतो. तो निघताना शंभराच्या वर होता आणि मी टर्बोवर असताना पडत्या बाजारासारखा घसरत होता. मग मी खालच्या पायरीवर आले. आणि तेव्हा कळलं की पाय आपलेच आहेत. घाम आला, धाप लागली, दोनदा थांबले. पण गुडघे? गुडघे गप्प होते. ज्या क्षणी ते कुरकुरणार त्याच क्षणी मोटर भर घालत होती. श्रम माझे होते, फक्त माझ्या गुडघ्यांना झेपतील एवढेच.

वर माथ्यावर वाऱ्यानं एका बाजूला वाकलेली बीचची झाडं आहेत, अंगावर पदर ओढून बसलेल्या म्हाताऱ्यांसारखी. पलीकडे फ्रान्समधले डोंगर दिसतात. त्या डोंगराच्या नावाचा अर्थच मुळी 'मुलूख बघ' असा आहे. मी बघितला. आणि खरं सांगते, मला भावाची आणि त्या घाटाची आठवण आली, डोळ्यांत पाणीच आलं. एक जर्मन गृहस्थ साध्या सायकलवरून वर आले होते, लाललाल झालेले. माझ्या सायकलकडे बघून हसत काहीतरी म्हणाले. लेकीनं अर्थ सांगितला, "ते म्हणतायत, ही तर लबाडी आहे." म्हणजे काकूंचं जर्मन भावंडच भेटलं की मला!

आता ह्या 'लबाडी'बद्दल मला बोलायचंच आहे. आपल्या घरात पाटा-वरवंटा जाऊन मिक्सर आला, तेव्हाही हेच ऐकलं होतं. सासूबाई म्हणायच्या, "मिक्सरच्या चटणीला चव नाही." वॉशिंग मशीन आलं तेव्हा म्हणे बायका आळशी होणार. पण पुरुषांनी सायकल सोडून स्कूटर घेतली तेव्हा कुणी म्हटलं का, की ऑफिसला तू नाही गेलास, पेट्रोल गेलं? बाईचा त्रास वाचला की तो कुणाच्या तरी डोळ्यांत का खुपतो, हे मला अजून कळलेलं नाही. त्या गृहस्थांनी चढ चढला, मीही चढले. त्यांचं वय माझ्याइतकंच असेल, पण त्यांचे पाय गेली चाळीस वर्षं सायकलवर होते. माझे त्या चाळीस वर्षांत ओट्यापाशी उभे होते. एवढी तफावत मोटरीनं भरून काढली तर त्यात लबाडी कसली?

पण थांबा. इथपर्यंत ऐकून कुणी उद्याच सायकल आणायला निघाली तर मीच तिला थांबवीन. खरी गोष्ट उतारावर सुरू होते.

उतरताना लेकीनं मधली एक पायवाट घेतली. त्या राज्यात जंगलातल्या दोन मीटरपेक्षा अरुंद वाटांवर सायकलला बंदी आहे, पण ही वाट सायकलसाठीच मोकळी ठेवलेली होती. झाडांची मुळं, दगड, वळणं. आणि मला कळलं की मोटर आता काही कामाची नाही. तिनं मला वर आणून सोडलं होतं, अशा उंचीवर जिथं मी माझ्या बळावर कधीच पोचले नसते. साध्या सायकलवर दर वर्षी थोडं थोडं उंच जाणारी माणसं उतरायलाही शिकत जातात. मी एका दिवसात वर गेले, उतरायचं शिक्षण शून्य. त्यात सायकलचं वजन पंचवीस किलो. आपला भरलेला गॅस सिलिंडर तीसच्या आसपास असतो, यावरून अंदाज करा. उतारावर तो सिलिंडर तुम्हाला पुढे रेटत असतो.

आणि ब्रेक! आपल्या सायकलला काय किंवा स्कूटीला काय, डाव्या हाताचा ब्रेक मागच्या चाकाचा. जर्मनीत उलटं. डावा ब्रेक पुढच्या चाकाचा. लेकीनं सकाळी दोनदा सांगितलं होतं. पण घाबरलं की हात जुन्या सवयीनंच वागतो. एका वळणावर मी डावा ब्रेक दाबला, तोही सगळा जीव एकवटून. डिस्क ब्रेक ते, एका बोटानं लागणारे. पुढचं चाक जागच्या जागी थांबलं, मी नाही थांबले. कोपर सोलवटलं, मनगट सुजलं. हेल्मेट नसतं तर पुढचं लिहायला मी नसते. मनगटाला पट्टी बांधून तीन आठवडे फिरले, पोळ्या जावयांनी केल्या. (त्या बऱ्या करतात ते, हा एक फायदाच समजा.)

पुढे वाटेत एक झाड आडवं पडलं होतं. साधी सायकल असती तर खांद्यावर टाकून पलीकडे नेली असती. इथं आम्ही दोघी मायलेकी 'एक-दोन-तीन' करून कशीबशी ओढत होतो, त्यात माझा एकच हात कामाचा. चढावर ढकलण्यासाठी एक बटण असतं, ते दाबून धरलं की सायकल माणसाच्या चालीनं स्वतःच पुढे सरकते. पण आडवं झाड त्या बटणाला काय जुमानणार! लेक घरी गेल्यावर ही सायकल तळघरात उतरवते, तेव्हा दर वेळी तिची कंबर माझ्या डोळ्यांसमोर येते.

किमतीचं विचारू नका म्हणणार होते, पण सांगते. लेकीची सायकल साडेआठ हजार युरोची, तेव्हाच्या भावानं साडेसात लाखांच्या वर. आपल्याकडे एवढ्यात दारात लहान चारचाकी उभी राहते. बॅटरी दर चार्जिंगनं थोडी थोडी झिजते, नवी घ्यायची तर लाखभर रुपयांच्या घरात. मोटर म्हणजे बंद डबा, बिघडली तर दुकानात नेऊन संगणकाला जोडायची. कोपऱ्यावरचा सायकलवाला तिला हात लावू शकत नाही. त्यामानानं विजेचा खर्च मात्र नगण्य. मोठी बॅटरी पूर्ण भरायला जेमतेम एक युनिट लागतं. तासभर इस्त्री फिरवली तर तेवढं जातं. आमचे हे फोनवर म्हणाले, "येताना एक घेऊनच ये." मी म्हटलं, विमानात एवढी मोठी बॅटरी चढूच देत नाहीत. तेवढ्यावर विषय संपला, आणि बरंच झालं.

मग आपल्यासारख्या लहान गावातल्या बायकांनी काय करावं? माझं मत विचाराल तर त्या साडेसात लाखांच्या सायकलीचा मोह धरू नये. ती डोंगरातल्या खडकाळ वाटांसाठी आहे, आणि जिथं तिचा दवाखाना नाही तिथं ती शोभेची वस्तू होऊन बसेल. आपल्याकडेही आता तीस-चाळीस हजारांत विजेच्या सायकली मिळतात. मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आतला असेल तर लायसन्स लागत नाही, पासिंग लागत नाही. पण यातल्या बहुतेकींची मोटर मागच्या चाकात असते. सपाट रस्त्याला, बाजाराला, बँकेत जायला उत्तम. लांबलचक घाटात मात्र तिला गिअरचा आधार मिळत नाही, ती तापते, दमते. दुकानदार तुम्हाला वेग सांगेल, मायलेज सांगेल. तुम्ही विचारायचं ते वेगळंच. वजन किती? बॅटरी काढून घरात नेऊन चार्ज करता येते का? नवी बॅटरी केवढ्याला, आणि ती ह्याच गावात मिळेल का? सायकल उचलून बघायची, तिथल्या तिथं, दुकानदारासमोर. लाजायचं नाही. आणि घेतलीत तर आधी उतरायला शिका. रिकाम्या मैदानात, हलक्या उतारावर, दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघत.

हे सगळं मी पुढच्या भिशीत काकूंना सांगणार होते, अगदी मिक्सरच्या दाखल्यासकट. पण त्याआधीच एका संध्याकाळी त्या फाटकाशी आल्या. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग हळूच म्हणाल्या, "ती बटण दाबलं की खाली येणारी सीट म्हणालीस ना गं, ती आपल्याकडच्या सायकलींना असते का?"

"स्वस्तातल्यांना नसते, काकू. पण बुटक्या फ्रेमची लेडीज मिळते."

"आणि साडीवर चालेल?"

"चेनचं कव्हर बघून घ्यावं लागेल. त्यापेक्षा पंजाबी ड्रेस बरा."

काकूंनी एकदा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलं. "दोन आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या, "सुनेनं दिलेले. अजून घडी मोडलेली नाही."