नवा लॅपटॉप आणि अण्णांच्या जुन्या फाइली

दहावी-बारावीचे निकाल लागले की मला दोन प्रकारचे फोन येतात. पहिला पेढ्यांचा, दुसरा "लॅपटॉप कुठला घेऊ?" असा. यंदा दुसऱ्या प्रकारचे जरा जास्तच आले. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार थांबवला, आणि आपल्याकडे घरोघरी २०१५-१६च्या सुमाराला घेतलेले जे संगणक आहेत, त्यातले बहुतेक विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी. म्हणजे नवं यंत्र घेणं आलंच. आणि नवंच घ्यायचं तर घरातली तरुण मंडळी म्हणतात, "मग मॅकच घेऊ ना!"

आमच्या घरीही हेच झालं. माझी भाची यंदा अकरावीला गेली. विज्ञान शाखा, सोबत कॉम्प्युटर सायन्स, आणि पुढे आर्किटेक्ट व्हायचं डोक्यात पक्कं. तिला मॅक हवा होता. दादाचं म्हणणं, आयुष्यभर विंडोज वापरली, आता हे नवं खूळ कशाला? शिवाय लॅपटॉप घ्यायचा तो एकदाच, अकरावीपासून बी.आर्क. संपेपर्यंत चालला पाहिजे. "आत्या, तू सांग ना बाबांना," म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं.

मी दोघांनाही रॅम आणि प्रोसेसर बाजूला ठेवायला सांगितलं. दुकानात सगळे तेच सांगतात, आणि हल्ली मधल्या किमतीतलं कुठलंही यंत्र शाळेच्या कामाला पुरून उरतं. एक प्लॅटफॉर्म सोडून दुसऱ्यावर जाताना पाहायचं ते वेगळंच. तिकडे कुठलं काम होणारच नाही? आणि इकडचं काय तिकडे उघडणारच नाही?

पहिला प्रश्न शाळेपुरता सोपा निघाला. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सला पायथन आणि मायएसक्यूएल आहे. इन्फर्मेशन प्रॅक्टिसेस घेणाऱ्यांनाही पायथनच, सोबत पांडाज आणि मायएसक्यूएल. ही सगळी विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर फुकट आणि सारखीच चालतात. नववी-दहावीच्या इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीला लिबरऑफिस लागतं, त्याचंही तेच. तेव्हा "शाळेसाठी विंडोजच लागते" असं कुणी सांगितलं तर आधी विषयाचं पुस्तक उघडून बघा.

कॉलेजची गोष्ट मात्र निराळी. कॉमर्सला जाऊन टॅली शिकणार असाल तर टॅलीप्राइम विंडोजचंच आहे. मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस मॅकवर मिळत नाही, वर्ड-एक्सेल मिळतात. मेकॅनिकलवाल्यांचं सॉलिडवर्क्स विंडोजचं. आर्किटेक्चरला ऑटोकॅड आणि स्केचअप मॅकवर आहेत, पण रेव्हिट नाही, थ्रीडीएस मॅक्सही नाही. भाचीचा चेहरा इथे थोडा उतरला.

"पण मॅकवर विंडोज टाकता येते ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. पूर्वी यायची. इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्प नावाची सोय होती, एकाच यंत्रात दोन्ही. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आणले आणि त्यांच्यात ती सोय राहिली नाही. आता पॅरलल्ससारखं प्रोग्राम वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं, आणि त्यात चालते ती विंडोजची आर्म चिपसाठीची आवृत्ती. लहानसहान कामाला ठीक आहे. रेव्हिटमध्ये अख्खी इमारत उभी करायची असेल तर मी त्या भरवशावर राहणार नाही.

मग कुणीतरी सुचवतं, जुना इंटेलवाला मॅक स्वस्तात घेऊ, त्यात दोन्ही होईल. नका घेऊ. २०२५मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही इंटेलच्या मॅकसाठी शेवटची, असं ॲपलनेच जाहीर केलंय. अकरावीतल्या मुलीच्या हातात संपत आलेली शिदोरी कशाला द्यायची?

विंडोज घेणाऱ्यांनीही एक पाहून घ्यावं. हल्ली स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप मिळतात. हलके असतात, बॅटरी छान टिकते, पण आतून तेही आर्मच. घरातल्या जुन्या प्रिंटरचा त्यासाठीचा ड्रायव्हर मिळतो का, हे बिल करण्याआधी विचारा.

आता दादाचं गणित. अकरावी-बारावीची दोन आणि बी.आर्क.ची पाच, अशी सात वर्षं एका लॅपटॉपवर काढायची! मला हे गणितच मुळात पटत नाही. सात वर्षांनी बॅटरी दमलेली असते, आणि आज जे महाग घेऊ ते तेव्हा मधलंही राहत नाही. त्यात नव्या मॅकची रॅम मागाहून वाढवता येत नाही, कित्येक पातळ विंडोज लॅपटॉपचीही नाही. त्यापेक्षा आत्ताचा लॅपटॉप आत्ताच्या अभ्यासासाठी घ्यावा. आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला, कॉलेजने काय लागतं ते सांगितलं, की त्या कामाचा तेव्हा बघता येईल. तोपर्यंत ती आर्किटेक्चरच घेईल याची खात्री तरी कुणी द्यावी? (ती स्वतः सोडून.)

दादा हे ऐकून गप्प बसला. पटलं म्हणून की पैशांचा हिशेब करत होता म्हणून, ते मी विचारलं नाही. त्याच्या दुकानाची टॅली दुकानातल्या संगणकावरच आहे, त्यामुळे तो अडसर नव्हता.

खरी गाठ दुसऱ्या प्रश्नाशी पडली. घरच्या जुन्या संगणकात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कुलवृत्तांत आहे. कऱ्हाडहून आमची माणसं होळकरांच्या चाकरीत इंदूरला कशी आली, कोण कुठे दत्तक गेलं, कुणाच्या किती लेकी कुठे दिल्या, अशी शंभर पानं. अण्णांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गावोगाव पत्रं पाठवून माहिती जमवली आणि ओळखीच्या एका टायपिस्टकडून वर्डमध्ये टाइप करून घेतली. ज्यांनी पत्रांना उत्तरं दिली त्यातले बहुतेक आज नाहीत. अण्णा चौऱ्याऐंशीचे आहेत.

ती फाइल आम्ही पेन ड्राइव्हवर घेऊन एका मैत्रिणीच्या मॅकवर उघडून पाहिली. पडद्यावर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं. भाची म्हणाली, "फाइल करप्ट झाली." नव्हती झाली. युनिकोड रुळण्याआधी मराठी टाइप करायला जे फॉन्ट वापरत, त्यांत फाइलमध्ये साठायचं ते इंग्रजी अक्षर, फॉन्ट त्यावर फक्त मराठी आकार चढवायचा. तो फॉन्ट ज्या यंत्रात नाही तिथे मुखवटा गळून पडतो. मॅक असो वा नवाकोरा विंडोज लॅपटॉप, दोन्हीकडे हेच होणार.

तुमच्या घरी आजोबांच्या कविता, आईची भजनं, मंडळाचे जुने अहवाल असं काही असेल तर एवढं करून बघा. फाइलची प्रत काढा, एक परिच्छेद निवडा आणि फॉन्ट बदलून एरियल करा. मराठी मराठीच राहिली तर ती युनिकोड, काळजी नाही. इंग्रजी अक्षरं दिसू लागली तर ती जुनी.

जुनी निघाली तर जुना संगणक चालू आहे तोवरच तीन कामं उरका. आधी प्रत्येक फाइलची पीडीएफ करा. तिच्यात फॉन्ट बहुधा आतच बसतो, त्यामुळे निदान वाचता येईल असं काहीतरी हातात राहतं. ती दुसऱ्या यंत्रावर उघडून खात्री करा. मग कंट्रोल पॅनलमधल्या फॉन्टच्या फोल्डरातून तो फॉन्ट शोधून मूळ फाइलबरोबर ठेवा. शेवटी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, त्यासाठी परिवर्तक मिळतात. प्रत्येक फॉन्टचा वेगळा लागतो, म्हणून फॉन्टचं नाव लिहून ठेवायचं.

परिवर्तक हुशार असतो, पण त्याला मराठी येत नाही. आमच्या फाइलमध्ये त्याने 'ऱ्य'चा सगळीकडे 'र्य' करून टाकला. पणजोबांच्या लग्नात आचाऱ्यांना धोतरजोड्या दिल्या होत्या, त्या आता आचार्यांना मिळाल्या. वाक्य तसं बरोबरच दिसतं, त्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामला काही खटकत नाही. अण्णांना खटकलं. "आपल्या घरात आचार्य कुठले आले?" असं म्हणत ते चष्मा लावून बसले. तेव्हापासून रोज संध्याकाळी भाची वाचते आणि ते सांगतात. कऱ्हाडचंही कर्हाड झालं होतंच.

या कामात भाचीला मराठी टाइप करणं भाग पडलं. फोनवर ती इंग्रजी अक्षरांतूनच मराठी लिहायची. मी तिला इनस्क्रिप्ट शिकायला बसवलं. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवलेली ही मांडणी विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे आधीपासून असते, फक्त सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करायची. उजव्या हाताला जेच्या कळीवर र, शिफ्ट धरून ऱ. एनवर ल, शिफ्ट धरून ळ. पहिला आठवडा तिने कुरकुर केली. दुसऱ्या आठवड्यात बोटं चालायला लागली. विंडोजवर कंट्रोल धरून कॉपी करायची सवय मॅकवर मोडावी लागते, कारण तिथे कमांडची कळ असते. मराठीची बोटं मात्र बदलावी लागत नाहीत.

दादाच्या पोर्टेबल हार्ड डिस्कचंही सांगते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने तयार केलेली डिस्क मॅकला लावली तर फोटो दिसतात, पण त्यावर नवीन काही लिहिता येत नाही. दोन्हीकडे चालायला ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी लागते आणि फॉरमॅट केली की आतलं सगळं जातं. म्हणून आधी सगळं दुसरीकडे उतरवून, उघडून पाहून, मगच.

शेवटी भाचीने मॅकच घेतला, विद्यार्थ्यांची सवलत मागून. रेव्हिटची वेळ आली तर तेव्हाच्या यंत्राचे निम्मे पैसे शिकवण्या करून ती भरणार, असं दादाने तिच्याकडून लिहून घेतलंय. तेही मराठीत टाइप करून. जुन्या संगणकाचं इंटरनेट काढून टाकलं आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला, पण कुलवृत्तांताची अजून एकोणचाळीस पानं तपासायची राहिली आहेत, आणि तोवर तो डबा जागचा हलवायचा नाही असं अण्णांनी बजावलंय.