चेहऱ्यावर शिक्का

परवा आमच्या खराडीच्या ऑफिसात एकेकाला बोलावून आयडी कार्डावर स्टिकर चिकटवून दिलं. कंपनी विकली गेल्याचं मेलवरून कळलं होतंच. नवी कार्डं यायला वेळ आहे म्हणे, तोवर जुन्यावरच नवा लोगो. माझ्या कार्डावर तो बरोब्बर कपाळावर बसला. शेजारच्या सरांचं तर नाकच गेलं. अकरा वर्षांची नोकरी, आणि नाक गायब! ‘आता मी कोण रे?’ त्यांनी हसत विचारलं खरं, पण कँटीनपर्यंत मग कुणीच काही बोललं नाही.

मला जोगलटेंभी आठवलं.

नाशिकजवळचं हे गाव. तिथे 1906 साली चांदीची 13 हजारांहून जास्त नाणी एकगठ्ठा सापडली. सगळी नहपान या क्षत्रप राजाची, साधारण 1900 वर्षांपूर्वीची. नखाएवढं नाणं, वजन जेमतेम दोन ग्रॅम. पण ब्रँडिंग बघा! एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. भाषा मात्र प्राकृत. आपण मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतो ना, तस्संच. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि तोच मजकूर ब्राह्मी आणि खरोष्ठीत. एवढ्याशा जागेत तीन लिप्या! गंमत म्हणजे चेहरेही सारखे नाहीत. कुठे राजा तरुण, कुठे म्हातारा, कुठे नाकच वेगळं.

मग गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता मोडली. ही नाणी मात्र त्याने वितळवली नाहीत. त्यांच्यावरच आपला शिक्का ठोकला. एकीकडे तीन कमानींचा डोंगर आणि स्वतःचं नाव, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकची खूण आणि तिच्या चार टोकांना चार गोळे. जोगलटेंभीच्या ढिगात अशी नऊ हजारांवर नाणी निघाली. कुठे डोंगर राजाच्या गालावर, कुठे डोळ्यावर. मला विचाराल तर हा खर्च वाचवण्यापुरता मामला नसावा. चांदी तीच, भाव तोच, फक्त साहेब बदलले, ही बातमी अशी प्रत्येकाच्या हातात पोचते. मेल पाठवायची गरजच नाही!

नाशिकच्या पांडवलेण्यांत, तीन नंबरच्या लेण्यात, गौतमीपुत्राच्या आईचा, गौमती नव्हे, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या लेकाने क्षहरातांचं, म्हणजे नहपानाच्या कुळाचं, नावनिशाण ठेवलं नाही, असं ती त्यात सांगते. आईच ती, कौतुक करणारच. पण नाणी काही वेगळंच दाखवतात. शिक्क्याच्या कडेने नहपानाचं नाक डोकावतं, ग्रीक अक्षरं अर्धीमुर्धी वाचता येतात. आणि त्याच ढिगातल्या हजारो नाण्यांवर तर नवा शिक्का नाहीच. ज्या कुणी ती पुरून ठेवली, त्याने दोन्ही एकत्रच ठेवली होती.

दुपारी चहावर हे सगळं सरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नखाने स्टिकरचा कोपरा हळूच उचलून खालचा फोटो पाहिला आणि परत दाबून बसवला. जाताना गेटवर कार्ड टेकवलं. मशीन नेहमीसारखंच वाजलं.