‘नाहीं’ म्हणण्यापूर्वीं

मीठ घातलें कीं पदार्थ लवकर नासत नाहीं, हें घरोघरची लोणच्याची बरणी आपणांस सांगते. मग जें पाणी महासागराच्या सुमारें दहापट खारें, त्यांत जीव कोठून असणार? जॉर्डन नदी ज्या सरोवरास मिळते, त्यास लोकांनीं ‘मृत समुद्र’ म्हटलें तें उगीच नव्हे. परंतु १९३६ सालीं एका अवघ्या २१ वर्षांच्या तरुणानें त्याच पाण्यांत जिवंत सूक्ष्मजीव असल्याचें ‘नेचर’ या नियतकालिकांत जाहीर केलें. पुढें तो बेंजामिन एलाझारी वोल्कानी या नांवानें प्रसिद्धीस आला. एका लवणप्रिय सूक्ष्मजीवास आज त्याचेंच नांव आहे.

माझें म्हणणें असें कीं, अशा शोधांत सूक्ष्मदर्शकाहूनही महत्त्वाची आहे ती प्रश्न विचारण्याची रीति. बाहेरच्या मिठाशीं तोल राखण्यासाठीं यांतील पुष्कळ जीव आपल्या पेशींतही क्षार सांठवितात. त्यांस गोड्या पाण्यांत टाकलें तर ते फुटून नाहींसे होतात. जो परीक्षक त्यांचा नमुना साध्या पाण्यांत कालवील, तो स्वतःच त्यांस मारील आणि वर ‘येथें जीव नाहीं’ असा निकाल लिहील! त्यांस खाऱ्या पाण्यांतच अन्न द्यावें लागतें आणि धीर धरून वाट पाहावी लागते. सिनाई येथील एका खाऱ्या डबक्यांत १९८० सालीं चौकोनी आकाराचे सूक्ष्मजीव दिसले; परंतु प्रयोगशाळेंत त्यांची वाढ करून घेण्यास २००४ साल उजाडावें लागलें.

तथापि उलट बाजूची घाईही तितकीच वाईट. मिठांत मेलेल्या पेशींचे अवशेषही दीर्घकाळ टिकूं शकतात. म्हणून नुसता आकार दिसला, अगर पेशींतील एखादें द्रव्य सांपडलें, एवढ्यानें तेथें जिवंत प्राणी आहे असें सिद्ध होत नाहीं. तो अन्न घेतो काय, वाढतो काय, हें पाहिलें पाहिजे. इथिओपियांतील डालोल येथील अत्यंत आम्ल व खाऱ्या कुंडांविषयीं २०१९ सालीं एका पथकानें अतिसूक्ष्म जीवांच्या खुणा आढळल्याचें लिहिलें. त्याच वर्षीं दुसऱ्या पथकानें, तेथील सर्वांत तीव्र कुंडांत जीव आढळत नाहींत आणि कांहीं खनिजकणच पेशींसारखे दिसतात, असें प्रतिपादन केलें.

विद्यार्थिमित्रहो, ‘आढळलें नाहीं’ आणि ‘नाहींच’ हे दोन निराळे निकाल आहेत. तसेच ‘दिसलें’ आणि ‘सिद्ध झालें’ हेही. पालकांसही एक नम्र विनंति आहे. एका परीक्षेंत मूल मागें पडलें, म्हणून त्याच्या अंगीं कांहींच नाहीं असें म्हणण्यापूर्वीं, आपण त्यास कोणत्या पाण्यांत तपासलें हें एकवार स्वतःस विचारावें, एवढेंच सांगून हा लेख पुरा करितों.